गोलीला पैसे द्या, वर्षं देऊ नका

या अंकातलं सदर बर्फावरचं आहे. झालं काय, मागच्या वेळी एका उत्तरात जाता जाता मी लिहून गेलो की अमेरिका-कॅनडात आइस हॉकीच्या गोलीला, म्हणजे गोलकीपरला, लोक डोक्यावर घेऊन नाचतात पण पगाराचा कागद पुढं आला की मॅनेजरचा हात थरथरतो, आणि त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की मी गारच पडलो. सांगली-साताऱ्यात बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, हे माझं मत आता बदलावं लागणार. घराघरातली पोरं तिकडं गेलीत, ती बघतात म्हणून इकडचे बघतात, असं दिसतंय. तर घ्या.

काका, आम्ही सांगलीतली आणि बाहेर गेलेली मिळून बारा जण मोबाईलवर एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगची, मॅनेजरवाली गेम खेळतो. पगार खरे, कॅप खरी. मी न्यूयॉर्क रेंजर्स घेतली आणि तिचा महागडा गोली इगोर शेस्टरकिन तसाच ठेवला, विकला नाही. आता डिफेन्सला पैसेच उरत नाहीत आणि ग्रुपवर सगळे मला 'गोलीवाले शेठ' म्हणतात. चुकलं का माझं? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

चुकलं थोडं, पण ते ज्यावरून हसतायत त्यात नाही चुकलं.

बाकीच्यांसाठी आधी कॅप म्हणजे काय ते सांगतो, तुम्ही हा भाग सोडा. एनएचएलमध्ये ३२ टीम. २००४-०५ ला मालक आणि खेळाडूंचं भांडण इतकं ताणलं की आख्खा सीझन रद्द, एक मॅच झाली नाही, आणि त्या भांडणातून ही पगाराची मर्यादा आली. पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख डॉलर. खालून पण हद्द आहे, ७ कोटी ६ लाखांच्या खाली जायचं नाही, म्हणजे चिकटपणालाही बंदी. आपल्या भाषेत सांगायचं तर बाप कितीही मोठा बागायतदार असू दे, गावानं ठरवलं की लग्नाला एवढाच खर्च करायचा, मग बँड मोठा आणला की मठ्ठा पातळ होणारच. आणि कॅपच्या वहीत त्या वर्षी हातात पडलेला पगार लिहीत नाहीत, कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, अशी सरासरी दरवर्षी सारखी लिहितात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शेस्टरकिन. डिसेंबर २०२४ ला त्यानं ८ वर्षांचा ९ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, वर्षाला १ कोटी १५ लाख, तोवर कुठल्याच गोलीला एवढे मिळाले नव्हते. आकडा ऐकला की डोळे पांढरे होतात. पण आकडा एकटा बघायचा नसतो हो, गुंठ्याचा भाव दहा वर्षांपूर्वीच्या भावाशी लावून रडण्यात काय अर्थ आहे. मॉन्ट्रियलच्या कॅरी प्राइसचा करार २०१८-१९ ला चालू झाला तेव्हा वर्षाला १ कोटी ५ लाख होता आणि कॅप होती ७ कोटी ९५ लाख, म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर. शेस्टरकिनचे १ कोटी १५ लाख म्हणजे ९ कोटी ५५ लाखांच्या बारा टक्के. आणि २०२६-२७ ला कॅप १० कोटी ४० लाख होणार असं लीगनंच जाहीर केलंय, तेव्हा तोच करार अकरा टक्क्यांवर येतो, काही न करता. तुमच्या ग्रुपला हे गणित टाका, थोडा वेळ शांत बसतील.

आपल्या सांगलीचंच घ्या की. २०२३ ला विमेन्स प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा एका टीमकडं १२ कोटी रुपये होते आणि बंगळुरूनं त्यातले ३ कोटी ४० लाख एकट्या स्मृती मानधनावर घातले, पाव भागापेक्षा जास्त. पहिल्या पाच मॅच सलग हरले तेव्हा आपल्याकडं कट्ट्यावर सगळे म्हणत होते की पैसे एकीवरच संपवले. दुसऱ्या वर्षी कप जिंकला तेव्हा तीच माणसं म्हणाली, बघा आमची सांगलीची पोरगी. म्हणून हसणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

मग चुकलं कुठं? तर बॅटरचं ठीक आहे, गोलीचं वेगळंय. गोलीला पारखणंच अवघड. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण इथंच सगळी गंमत आहे. समजा गोली सीझनला साठ मॅच खेळला, मॅचला अठ्ठावीस-तीस शॉट, म्हणजे साधारण १७०० शॉट. शंभरातले नव्वद अडवणारा आजकाल मधला धरतात. साडेएक्क्याण्णव अडवणारा म्हणजे एकदम भारी. हा फरक वर्षाला किती गोलचा? पंचवीसच्या आसपास. आता तोच गोली, तेवढाच तयार, पण एका वर्षी पक (आइस हॉकीची रबरी चकती) डिफेन्सवाल्याच्या स्केटला लागून आत जातो आणि दुसऱ्या वर्षी तसाच पक खांबाला लागून बाहेर येतो, एवढ्या नुसत्या नशिबानं १७०० शॉटमध्ये दहा-बारा गोल इकडचे तिकडं होऊ शकतात. म्हणजे भारी आणि मधला यातला निम्मा फरक नशीबच खाऊन टाकतं. त्यात पुढचा डिफेन्स बरा की वाईट हे वेगळंच. एका वर्षाचे आकडे बघून आठ वर्षांचा कागद करणं म्हणजे एका पावसाळ्यावर आठ वर्षांचा ऊस लावण्यासारखं आहे.

स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेले गोली बघा ना. २०१९ ला सेंट लुईसचा जॉर्डन बिनिंग्टन, जानेवारीत टीम लीगच्या तळाला होती तेव्हा वर आणलेलं नवखं पोरगं, पगार साडेसहा लाख. २०२१ ला टँपाचा वसिलेव्हस्की, ९५ लाख. २०२२ ला कोलोराडोचा डार्सी केंपर, ४५ लाखांच्या करारावरचा, आणि कप जिंकल्या जिंकल्या त्याला जाऊ दिला. २०२३ ला व्हेगसनं त्या सीझनमध्ये पाच गोली वापरले, पाच, आणि शेवटी कप उचलला तो एडिन हिलनं, पगार साधारण २२ लाख. लगेच २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी फ्लोरिडाचा बॉब्रोव्स्की, पगार १ कोटी. यातून 'स्वस्त गोली चालतो' पण निघत नाही आणि 'महाग पाहिजे' पण निघत नाही. टीव्हीवर जो कुणी यातून छातीठोक नियम काढतो तो मला फेकू वाटतो, स्पष्ट बोलतो.

मी बघतो ते वर्षांकडं. प्राइसचा करार ८ वर्षांचा, एकूण ८ कोटी ४० लाख. २०२१ ला त्यानं टीमला फायनलपर्यंत एकट्याच्या खांद्यावर नेलं, मग गुडघ्यानं दगा दिला, पुढच्या सीझनला ५ मॅच आणि मग कधीच नाही. करार तेव्हा अजून चार वर्षं शिल्लक. बॉब्रोव्स्कीचा ७ वर्षांचा, ७ कोटींचा, २०१९ चा. पहिली वर्षं इतकी वाईट की २०२१ च्या प्लेऑफमध्ये त्याला बसवून स्पेन्सर नाइट नावाच्या नवख्याला उतरवलं होतं, लोक या कराराला लीगमधला सगळ्यात घाण करार म्हणायचे. त्याच करारानं दोन कप दिले. दोघंही एके काळचे बेस्ट गोली, दोघांचा भाव जवळपास सारखा. सही करताना कुणाला कळणार होतं सांगा.

म्हणून माझं साधं म्हणणं, गोलीला पैसे द्या, वर्षं देऊ नका. तीन-चार वर्षांचा करार असेल तर दहा-पंधरा लाख जास्त मागितले तरी हसत द्या. तुमचा शेस्टरकिन करार संपेल तेव्हा ३७ चा असेल. गेममध्ये तुम्ही दोन-तीनच सीझन खेळणार असाल तर ठेवा त्याला आणि बिनधास्त मिरवा. लांब खेळणार असाल तर तिसऱ्या सीझनला, कप जिंकून सगळे खूश असतील ना, नेमकं तेव्हा विका. आणि डिफेन्सला नवखी पोरं आणा, पहिल्या करारावरची, ती स्वस्त पडतात, चुका करतील, पण मागं शेस्टरकिन आहेच की निस्तरायला, त्यालाच तर पैसे देताय.

एक राजा गोली आणि एक पोऱ्या, की दोन सारखे गोली? आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर यावरून भांडणं झालीत. (वाचक, कराड)

दोन सारखे. निदान माझं मत तरी तेच. सीझनला ऐंशीच्या वर मॅच असतात, लागोपाठच्या दोन दिवसात दोन गावात दोन मॅच असतात, एकाच माणसाला सगळीकडं पळवलं तर एप्रिलला प्लेऑफ येईपर्यंत त्याचा पार चोथा होतो.

पण दोन सारख्यांचं दुखणं पण ऐका. बॉस्टनकडं लिनस उलमार्क, ५० लाखांवर, आणि जेरेमी स्वेमन. २०२२-२३ ला टीमनं ६५ मॅच जिंकल्या, लीगचा रेकॉर्ड. दोघं मॅच संपली की बर्फावर एकमेकाला मिठी मारायचे, लोकांना ते फार आवडायचं. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर फ्लोरिडा, बॉस्टन ३-१ नं पुढं. कोचनं सहा मॅच उलमार्कच ठेवला, सातवीला अचानक स्वेमन, आणि हरले. आता वर्षभर आलटून पालटून खेळवलं आणि नेमकं प्लेऑफला एकालाच का धरून बसले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि समोर फ्लोरिडाकडं काय चाललं होतं? त्यांचा तो कोटीवाला बॉब्रोव्स्की सीरिज सुरू झाली तेव्हा बाकावर होता, अॅलेक्स लायन नावाचा किरकोळ पगाराचा गोली खेळत होता. तिसऱ्या मॅचला लायन ढेपाळला म्हणून बॉब्रोव्स्की आला आणि टीमला थेट फायनलला घेऊन गेला. म्हणजे फ्लोरिडानं गोली बदलला तोही जमला आणि बॉस्टननं बदलला तो फसला.

पुढं पैशाचं लफडं आलंच. दोघं चांगले खेळले की दोघांचे भाव वाढतात, आणि कॅप तर तेवढीच. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये उलमार्कला ओटावाला दिला. त्याबरोबर बॉस्टनच्या हातातला हुकुमाचा पत्ता पण गेला, कारण आता स्वेमनला माहिती की आपल्याशिवाय यांना कुणी नाही. तो प्री-सीझनच्या कॅम्पला आलाच नाही, ऑक्टोबरमध्ये सीझनच्या तोंडावर ८ वर्षांचा ६ कोटी ६० लाखांचा करार घेतला तेव्हा बर्फावर उतरला, ते वर्ष त्याचं खराब गेलं आणि टीम प्लेऑफला पण पोचली नाही. बाजारात दुसरा माल दिसत असेल तोवर भाव करता येतो, हे तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याला एकदा उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. आधी स्वेमनची सही घ्यायची आणि मग उलमार्क विकायचा, मी असतो तर एवढंच उलटं केलं असतं.

होस्टेलवर सांगा, दोन सारखे, पण दोघांचे करार एकाच वर्षी संपता कामा नयेत.

गोलीला १५ वर्षांचा करार दिला होता असं ऐकलं, खरं का थाप? (वाचक, तासगाव)

खरं. न्यूयॉर्क आयलंडर्स, रिक डिपिएट्रो, २००६, पंधरा वर्षांचे ६ कोटी ७५ लाख. २००० च्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीला, हा पहिल्या नंबरला उचललेला आणि त्यासाठी हाताशी असलेला तरुण रॉबर्टो लुआँगो त्याच दिवशी फ्लोरिडाला देऊन टाकला होता, तो पुढं वीस वर्षांच्या आसपास खेळला. डिपिएट्रोच्या मागं दुखापती लागल्या त्या सुटल्याच नाहीत. २०१३ ला त्याला पैसे देऊन मोकळं केलं, म्हणजे बायआउट, त्याचा हिशोब असा की उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश द्यायचे आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत विभागून. त्यामुळं त्याला वर्षाला १५ लाख डॉलर २०२९ पर्यंत मिळत राहणार, घरी बसून. पेन्शन म्हणावं तर पेन्शन. ते वर्ष सवलतीचं होतं म्हणून कॅपमध्ये धरलं नाही, नाहीतर आयलंडर्सचं काही खरं नव्हतं.

त्याच वर्षी नियम आला की आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं, बाहेरच्याला ७. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या करारात २०२६-२७ पासून ते ७ आणि ६ ठरलंय. लीगलाच मालकांचे हात बांधावे लागले, बघा म्हणजे.

जखमी खेळाडूचा पगार कॅपमधून वगळतात म्हणे. मग खोटं खोटं जखमी करता येईल की! आणि दोन्ही गोली जखमी झाले तर? (वाचक, वाई)

वगळत नाहीत, लांब दुखापत असेल तर तेवढ्या रकमेपर्यंत कॅपच्या वर जायची मुभा मिळते. प्राइसच्या वेळी मॉन्ट्रियलला याचाच आधार होता. तुम्ही म्हणता तसा संशय पण लोकांना आलाच. टँपाच्या कुचेरोव्हचं डिसेंबर २०२० मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, साखळी सीझन एकही मॅच नाही, आणि प्लेऑफच्या पहिल्या मॅचला हजर. प्लेऑफला तेव्हा कॅपच नव्हती, त्यामुळं १ कोटी ८० लाखांनी वर असलेली टीम घेऊन कप नेला. ऑपरेशन खरंच झालं होतं, पण तारीख फार सोयीची निघाली हेही खरंच. २०२५-२६ पासून प्लेऑफला पण कॅप लावलीय.

दोन्ही गोली जखमी झाले तर २०२५-२६ पर्यंत तरी स्टेडियममध्ये एक राखीव माणूस बसवलेला असायचा, दोन्हीपैकी कुठल्याही टीमला लागला तर. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोली पडले आणि डेव्हिड एअर्स उतरला, ४२ वर्षांचा, बर्फ गुळगुळीत करायची झँबोनी गाडी चालवणारा. पहिले दोन शॉट आत गेले. पुढचे आठ अडवले आणि कॅरोलायना ६-३ नं जिंकली. कोटीकोटीची गणितं मांडून झाल्यावर मला हा माणूस आठवतो आणि हसू येतं. मात्र हे बघून कुणी बॅकअपच ठेवायचा नाही असं करू नका.

सर, माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या हॉकी टीममध्ये गोलकीपर. सगळे म्हणतात गोलकीपरला लिलावात पैसे नसतात, तिला फॉरवर्डला घाला. काय करू? (एक आई, सातारा)

ताई, घालू नका. तिला स्वतःला पुढं खेळायचं असेल तर वेगळं.

लिलावाचं सांगतो. आपली हॉकी इंडिया लीग २०२४-२५ ला परत चालू झाली तेव्हा पुरुषांच्या टीमला ४ कोटी रुपयांची मर्यादा होती, २४ खेळाडू त्यात बसवायचे. हरमनप्रीत सिंगला सूरमा टीमनं ७८ लाख दिले, सगळ्यात जास्त. त्या मानानं गोलकीपर खाली, आयर्लंडच्या डेव्हिड हार्टला तमिळनाडूनं ३२ लाख दिले ते गोलकीपरांत वरचे. बायकांत मर्यादा २ कोटी, उदिता ३२ लाखांना गेली, गोलकीपर सविता पुनियाला २० लाख. कारण सरळ आहे, पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणारा थेट गोल आणतो, ते मोजता येतं, गोलकीपरनं वाचवलेलं मोजायचं कसं ते वर सांगितलंच. पण बायकांच्यात फरक बघा, ३२ ला २०, म्हणजे फार मागं नाही. आणि एका टीमला फॉरवर्ड ढिगानं लागतात तसे फॉरवर्ड मिळतात पण ढिगानं, गोलकीपर व्हायला पोरी तयारच होत नाहीत. निवड चाचणीला दहा फॉरवर्डांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा दोन गोलकीपरांत उभं राहिलेलं बरं. आपल्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ भारताकडून खेळल्या, त्यामुळं इथून वाट नाही असं तर कुणी म्हणूच नये.

खरा प्रश्न सामानाचा आहे. मी पोरगा असताना आमच्या टीमनं (नाव नको, मंडळी अजून हयात आहेत) जमलेले सगळे पैसे नव्या स्टिकांना घातले आणि गोलीच्या पॅडला काही उरलं नाही. मी कुणाचे तरी जुने क्रिकेटचे पॅड आणि आत पोत्याचे तुकडे कोंबून उभा राहिलो, पहिल्याच मॅचला नडगीवर बसला, महिनाभर शाहू स्टेडियमच्या बाहेर सायकल धरून दुसऱ्यांचा सराव बघत होतो. तीसुद्धा कॅपचीच चूक होती, फक्त कॅप साडेतीनशे रुपयांची होती. श्रीजेश, ज्यानं चार ऑलिंपिक खेळून दोन ब्राँझ आणली आणि ज्याचा १६ नंबर आता सीनियर टीममध्ये कुणाला देत नाहीत, त्याच्या वडिलांनी पहिल्या पॅडसाठी घरची गाय विकली होती. तुम्हाला तसलं काही करायला लागू नये म्हणून आधी शाळेला विचारा, गोलकीपरचं किट बऱ्याच ठिकाणी टीमच्या पैशातून घेतात, आणि घेत नसतील तर पालकसभेत सगळ्यांसमोर विचारा.

विकत घ्यायची वेळ आलीच तर हेल्मेट, चेस्ट गार्ड आणि किकर (बुटावर चढवायचं जाड पॅड) नवीन घ्या, लेगगार्ड जुने मिळाले तरी चालतात, फक्त फोम दाबून बघा, दाबल्यावर वर आला नाही तर सोडून द्या. आणि वाढतं अंग आहे म्हणून दोन नंबर मोठं घेऊ नका, हे सगळ्या आया करतात. किकर पायात सैल असला की पोरगीला लाथ मारताच येत नाही. दुकानात जाताना तिला बरोबर न्या, बूट घालून.